दुसऱ्याच्या घोड्याला खाऊ

हिवाळ्यातील दुपार उतरणीस लागली, म्हणजे कोलकात्याच्या व्हिक्टोरिया मेमोरियलसमोर माणसांची मोठी गर्दी लोटते. 1921 साली लोकांसाठी खुली झालेली ती संगमरवरी वास्तू पाहून बाहेर पडणाऱ्या पाहुण्यांची नजर आजवर पहिल्याने खिळत आली आहे ती मैदानाच्या कडेला ओळीने उभ्या असलेल्या चकचकीत घोडागाड्यांवर. घोडे मान खाली घालून उभे असतात. जवळच झालमुरीवाला आपला डबा खुळखुळवीत असतो. एखादे लहान मूल आईचे बोट सोडून पुढे धावते आणि मोहरीचे तेल, कांदा व हिरवी मिरची घातलेल्या कुरमुऱ्यांची मूठ घोड्याच्या तोंडाशी नेते. आई कौतुकाने हसते, बाप छायाचित्र टिपतो. क्षणभर सर्वांनाच वाटते, की येथे भूतदयेचा एक छोटासा सोहळा पार पडला.

‘घोडामैदान जवळच आहे’ असे मराठीत म्हणतात ते कसोटीचा प्रसंग समीप आला असता. येथे घोडाही समोर असतो, मैदानही समोर असते. आणि कसोटी लागते ती माणसाच्या दयाबुद्धीची. कारण तो घास घोड्यास मानवेल की नाही, हे मुलास ठाऊक नसते आणि बहुधा त्याच्या आईबापांसही नसते. ज्याला ते ठाऊक असते, तो गाडीवान दोन पावलांवर उभा असतो. पण त्याला कोणी विचारीत नाही.

कोलकात्याच्या मैदानावर घोडा अनेक रूपांनी भेटतो. शहराच्या अश्वारूढ पोलीस दलाचा इतिहास 1840 सालापर्यंत मागे जातो. मोहन बागान किंवा ईस्ट बंगालचा फुटबॉल सामना असला, की क्रीडांगणाबाहेरच्या रांगा आवरण्याच्या कामी या दलाचे उंचेपुरे घोडे उपयोगी पडत आले आहेत. दक्षिणेच्या अंगास 1847 साली स्थापन झालेल्या टर्फ क्लबचे शर्यतीचे मैदान आहे. तेथील घोड्यांचा आहार तोळामाशाने मोजलेला असतो. आणि तिसरे ते भाड्याच्या गाडीचे घोडे. तिघांचे दैव निरनिराळे आहे. परंतु एक गोष्ट तिघांनाही सारखीच लागू पडते. प्रत्येकाची कोणी ना कोणी दाणावैरण करतो, आणि सकाळपासून त्याच्या पोटात काय गेले आहे हे त्या एकालाच माहीत असते. गावाकडे शेजाऱ्याच्या दारी बांधलेल्या घोड्याची गोष्ट याहून वेगळी नाही.

घोडा कोणाचा, हा प्रश्न मराठी माणसास नवा नाही. आणि गंमत अशी, की कोलकात्याच्या इतिहासातही तो मराठी शब्दाच्या रूपानेच शिरला आहे. 1742 पासून नागपूरकर भोसल्यांच्या फौजांच्या स्वाऱ्या बंगालवर होऊ लागल्या. त्यांच्या धास्तीने शहराभोवती खंदक खणावयास घेतला, तो ‘मराठा खंदक’ म्हणून प्रसिद्ध झाला. त्या स्वारांना बंगाली लोक ‘बर्गी’ म्हणू लागले, आणि मुलांना निजवण्याच्या गाण्यांत तो धाक आजही टिकून आहे. हा शब्द आपल्या ‘बारगीर’ या शब्दावरून गेलेला आहे. स्वतःचा घोडा घेऊन चाकरीस येई तो शिलेदार. सरकारी पागेतील घोड्यावर बसे तो बारगीर. बारगिराच्या मांडीखाली घोडा असे, परंतु त्याची मालकी दुसऱ्याची असे, आणि त्याच्या चंदीचा हिशोबही दुसरीकडे ठेवला जाई.

या हिशोबाचे महत्त्व महाराष्ट्रात किती जाणले जात असे, याची साक्ष शिवछत्रपतींच्या एका पत्रात मिळते. चिपळूणजवळ हलवर्ण येथे छावणी करून असलेल्या अधिकाऱ्यांना 1673-74 च्या सुमारास हे पत्र लिहिले गेले. पावसाळ्याच्या बेगमीसाठी साठविलेला दाणा व वैरण मिळते आहे तोवर मनास येईल तशी खर्च केली, तर भर पावसात ती संपेल, घोडे उपाशी मरतील, आणि मग ते तुम्हीच मारले असे होईल, असा त्यातील इशारा आहे. वैरणीच्या गंजीजवळ विस्तव नेऊ नये, इथपर्यंतची बारीक काळजी त्यात वाहिलेली आहे. घोड्यावरचे प्रेम हे ओंजळभर दाणे अधिक घालण्यात नसून त्याचा शिधा नेमका राखण्यात आहे, ही दृष्टी त्या पत्रामागे दिसते. आजच्या पशुवैद्यकाचेही सांगणे वेगळे नाही.

याचे कारण घोड्याच्या शरीररचनेत आहे. एवढ्या मोठ्या जनावराचे जठर मात्र लहान असते. त्यात सुमारे 8 ते 15 लिटरच मावतात. उलट गाईच्या पोटाचा पहिला कप्पाच शंभर लिटरांच्या पलीकडे जातो. निसर्गाने घोडा घडविला तो दिवसाचे पंधरा-सोळा तास थोडे थोडे गवत खाण्यासाठी. शिवाय माणूस किंवा कुत्रा नको असलेले अन्न ओकून टाकतो, तसे घोड्यास करता येत नाही. त्याच्या अन्ननलिकेच्या तोंडाशी असलेला स्नायू इतका घट्ट असतो, की जठरात गेलेला घास परत फिरत नाही. चुकीचा घास माणसाच्या दृष्टीने क्षणाचा असतो, परंतु घोड्यास तो शेवटपर्यंत वागवावा लागतो.

जठरापुढील आतड्यांची व्यवस्था तितकीच नाजूक आहे. गवतातील तंतू पचविण्याचे काम मागच्या मोठ्या आतड्यातील असंख्य सूक्ष्म जीव करीत असतात. गोड किंवा पिठूळ पदार्थ एकाएकी अधिक प्रमाणात गेले, तर ते न पचता तेथवर पोचतात, आंबतात, आणि त्या जीवांचा समतोल बिघडतो. त्यातून पोटशूळ उद्भवतो. क्वचित याहून अनपेक्षित असा परिणाम थेट पायांत दिसतो. खुराच्या कठीण भिंतीस आतील हाडाशी जोडणाऱ्या पापुद्र्यांना सूज येते, आणि ज्या पायांवर सारा भार पेलावयाचा ते टेकविणेही घोड्यास असह्य होते. पोटातील अपराधाची शिक्षा खुरांनी भोगावी, असा हा प्रकार आहे.

‘घोडा का अडला?’ या जुन्या कोड्याचे ‘न फिरविल्यामुळे’ हे उत्तर घरोघरी ठाऊक आहे. त्यातही शास्त्र आहे. युरोपात ओझी वाहणाऱ्या घोड्यांना रविवारी विश्रांती असे, परंतु दाणा मात्र कामाच्या दिवसाइतकाच मिळे. आणि सोमवारी गाडीस जुंपताच त्यांचे स्नायू आखडून ते जागच्या जागी खिळत. या विकारास तिकडे सोमवारचा आजार असेच नाव पडले होते. तेव्हा उभ्या असलेल्या घोड्यास भरपूर खाऊ घालणे हा त्याच्यावर उपकार असतोच असे नाही.

मग खाऊ द्यावयाचाच नाही काय? तसे मुळीच नाही. निरोगी घोड्यास, त्याच्या रखवालदाराच्या संमतीने, एखादे गाजर किंवा सफरचंदाच्या दोन-चार फोडी देण्यात वावगे काही नाही. प्रमाण मात्र खाऊचे असावे, जेवणाचे नव्हे. गाजर उभे चिरून लांब काप करावेत. गोल चकत्या करू नयेत. कारण घाईने गिळलेली चकती अन्ननलिकेत बुचासारखी बसू शकते. सफरचंद अखंड देऊ नये. आंबा, बोर यांसारखी आठळीची फळे आठळीसकट देऊ नयेत. हरभरे ही घोड्याची पूर्वापार चंदी खरी, परंतु ती रखवालदाराने मोजून, भिजवून द्यावयाची. कोरडे हरभरे पाण्याने फुगतात. गुळाचा लहानसा खडा धडधाकट घोड्यास बाधत नाही. मात्र खुरांचा विकार होऊन गेलेल्या किंवा फार लठ्ठ झालेल्या घोड्यास तो विषासमान ठरू शकतो. बाहेरून पाहणाऱ्यास असा घोडा ओळखता येत नाही. म्हणूनच संमती हवी.

जे कदापि देऊ नये, त्याची यादी मात्र प्रत्येकाने लक्षात ठेवावी. पाव आणि पोळी यांचा तोंडात चिकट गोळा होतो. कोबी व फ्लॉवर पोटात वायू धरतात. कांद्याने रक्तातील तांबड्या पेशी नाश पावतात. म्हणजे झालमुरीची ती मूठ तेवढ्यासाठीही टाळावयास हवी. हिरवा पडलेला बटाटा, टोमॅटोचा पाला, ॲव्होकॅडो आणि चॉकलेट ही घोड्यास वर्ज्य होत. बागेत यंत्राने कापलेल्या ओल्या गवताचा ढीग पाहून तो घोड्यापुढे टाकण्याचा मोह अनेकांस होतो. परंतु असे बारीक, ओले गवत ढिगात लवकर आंबते, आणि न चावता भराभर गिळले जाते. घोड्याने स्वतः चरलेले गवत आणि हे गवत यांत फार अंतर आहे.

आपल्या सणावारांशी निगडित असा एक धोका येथे सांगितला पाहिजे. दसऱ्यास घोड्याची पूजा करून त्याच्या गळ्यात हार घालण्याची प्रथा महाराष्ट्रात सर्वत्र आहे. त्या हारात कण्हेरीची फुले-पाने असू नयेत. बंगालमध्ये शंकरास वाहिली जाणारी पिवळी कण्हेरही त्याच जातीची विषारी होय. या दोन्ही झाडांतील विष हृदयावर परिणाम करते, आणि थोडीशी पानेही घोड्याचा प्राण घेण्यास पुरेशी होतात. देवावरून उतरलेले निर्माल्य श्रद्धेने जनावरापुढे ठेवणाऱ्याने आधी त्यातील पान नि पान पाहून घ्यावे.

शर्यतीच्या घोड्याच्या बाबतीत आणखी एक अडचण उभी राहते. शर्यतीनंतर घोड्याचे मूत्र व रक्त तपासले जाते. चहा-कॉफीतील आणि चॉकलेटमधील उत्तेजक द्रव्ये त्यात आढळली, तर घोडा बाद होऊ शकतो. बंगाली स्वयंपाकात खसखशीस मोठा मान आहे. परंतु खसखशीच्या दाण्यांबरोबर अफूतील मॉर्फिनचा अंश पोटात जाऊ शकतो, आणि तोही या तपासणीत उघड होतो. कोणी प्रेमाने पुढे केलेल्या मिठाईच्या तुकड्यापायी प्रशिक्षकावर आणि मोतद्दारावर किटाळ यावे, ही गोष्ट दयेच्या नावाखाली खपणारी नाही. पोलिसांचा घोडा कामगिरीवर असतो. त्याच्या तोंडात लगामाची लोखंडी कडी असते, त्यामुळे त्यास नीट चावता येत नाही आणि घास अडकण्याचा संभव वाढतो. स्वाराने नकारार्थी मान हलविली, तर ती शिष्टपणाची खूण समजू नये.

काय द्यावे याइतकेच कसे द्यावे हेही महत्त्वाचे. घोड्याचे डोळे डोक्याच्या दोन बाजूंस असल्याने त्यास जवळजवळ चहूकडचे दिसते. परंतु अगदी पाठीमागे, कपाळासमोर आणि नाकाच्या खाली त्याची दृष्टी पोचत नाही. ओठांशी आलेली वस्तू तो पाहत नाही. मिशांसारख्या लांब केसांनी आणि ओठांनी तो ती चाचपतो. बोटांच्या चिमटीत धरलेले गाजर कोठे संपते आणि बोट कोठे सुरू होते, हे त्यास कळावयाचे कसे? म्हणून तळहात सपाट, ताठ पसरावा, चारही बोटे जुळवावीत, अंगठा त्यांना चिकटवून ठेवावा, आणि खाऊ मधोमध ठेवावा. घोडा आपल्या ओठांनी तो अलगद उचलून घेतो. हात झटकन मागे ओढू नये; त्याने घोडा बिचकतो आणि पुढच्या वेळी हिसका मारून घेण्यास शिकतो. लहान मुलाच्या बाबतीत त्याच्या हाताखाली मोठ्या माणसाचा हात असावा. याहूनही सुरक्षित मार्ग म्हणजे खाऊ पाटीत किंवा तोबऱ्यात टाकण्यासाठी रखवालदाराकडे देणे.

घोड्याजवळ जावयाचे ते हलक्या आवाजात बोलत, त्याच्या खांद्याच्या बाजूने. मागून जाऊ नये. कान मागे टेकवून चपटे झालेले दिसले, तर तेथेच थांबावे. जेथे दोन-तीन घोडे शेजारी उभे असतील, तेथे एकास दिलेला खाऊ दुसऱ्याच्या मत्सरास कारण होतो. मग चावे आणि लाथा सुरू होतात, आणि त्यांच्या मध्ये उभे असलेले मूल नाहक सापडते. खाऊची प्लॅस्टिकची पिशवी जवळ टाकून जाणे तर सर्वथा निषिद्ध, कारण मिठाचा वा गोडाचा वास असलेली पिशवी जनावर गिळून टाकते.

खाऊ दिल्यावर हात साबणाने धुवावेत. ज्याच्या नाकातून स्राव वाहत आहे अशा घोड्यास स्पर्श करू नये. ग्लँडर्स नावाचा घोड्यांचा घातक रोग माणसासही जडतो, आणि भारतात त्याची सरकार-दरबारी नोंद करणे सक्तीचे आहे. घोडा चावलाच, तर जखम साबण व वाहत्या पाण्याने 15 मिनिटे धुवावी आणि विलंब न लावता डॉक्टरकडे जावे. घोड्यासही कुत्र्याप्रमाणे रेबीज होऊ शकतो, ही गोष्ट अनेकांस ठाऊक नसते.

इतकी काळजी घेऊनही प्रसंग ओढवला तर? घोडा मान लांबवून खोकू लागला, त्याच्या नाकातून लाळ व अन्नाचे कण येऊ लागले, तर घास अडकला असे समजावे. तो वारंवार आपल्या कुशीकडे वळून पाहू लागला, पायाने जमीन उकरू लागला, घामाघूम होऊन लोळू लागला, तर पोटशूळ सुरू झाला असे समजावे. दोन्ही वेळी पुढचे अन्न बंद करून पशुवैद्यास बोलवावे. घशात तेल किंवा पाणी ओतण्याचा घरगुती उपाय करू नये, कारण ते फुप्फुसात उतरण्याचे भय असते. आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे, काय दिले, किती दिले आणि केव्हा दिले, हे खाऊ देणाऱ्याने न लपविता सांगावे. शरमेने गप्प राहून निघून जाणारा माणूस वैद्याच्या हातची अर्धी विद्या काढून घेतो.

एक प्रश्न तरीही उरतो, आणि कोलकात्यात तो टाळून चालत नाही. ज्याच्या बरगड्या मोजता येतात असा गाडीचा घोडा समोर दिसला, तर माणसाने काय करावे? तेथे ‘आधी मालकास विचारा’ हा उपदेश कोरडा वाटतो. परंतु शास्त्र येथे आणखी कठोर आहे. फार दिवस उपाशी राहिलेल्या जनावरास एकदम दाणा किंवा गोड पदार्थ भरपूर घातले, तर रक्तातील क्षारांचे प्रमाण ढासळून ते मरू शकते. अशा घोड्यास वैद्याच्या देखरेखीखाली गवत आणि लसूणघास थोडे थोडे, दिवसातून अनेकदा द्यावे लागते. जो घोडा पाहून हृदय सर्वाधिक द्रवते, त्यालाच ओंजळभर खाऊचा धोका सर्वाधिक असतो. त्याचे दुःख एका गाजराने फिटणारे नसते.

त्यासाठी मार्ग दुसरे आहेत, आणि ते या शहरात फार पूर्वीपासून आहेत. कोल्सवर्दी ग्रँट या चित्रकाराच्या पुढाकाराने 1861 साली कोलकात्यात प्राण्यांवरील क्रौर्यास आळा घालणारी संस्था स्थापन झाली. बेलगाछियाचे पशुवैद्यकीय महाविद्यालय 1893 सालचे. 1960 च्या कायद्याने मुक्या जनावरास क्रूरपणे वागविणे हा देशभर गुन्हा ठरला. मुंबईतील व्हिक्टोरिया गाड्या 2015 साली उच्च न्यायालयाने बेकायदा ठरविल्या. 2020 नंतरच्या वर्षांत कोलकात्याच्या गाडीघोड्यांचा प्रश्नही प्राणिमित्र संस्थांनी तेथील उच्च न्यायालयापुढे नेला. या वादात गाडीवानाच्या पोटाचाही विचार आहे, आणि तो क्षुल्लक नाही. कारण मालक उपाशी तेथे घोडा तृप्त असणे कठीण. तरीही आजारी घोडा दिसला असता त्याचे ठिकाण व वेळ टिपून घेऊन अशा संस्थेस किंवा पोलिसांस कळविणे, हे कोणाही पाहुण्यास करता येण्याजोगे आहे. त्यास फार तर दहा मिनिटे लागतात.

मुंबईच्या जुन्या प्याऊंना खालच्या अंगास जनावरांसाठी दगडी कुंडे बांधलेली असत. ज्यांनी ती बांधविली त्यांना रस्त्यावरील घोड्याची गरज नेमकी कळली होती. उन्हात उभ्या असलेल्या घोड्यास बहुतेक वेळा हवे असते ते स्वच्छ पाणी आणि सावली. दिवसाकाठी 25 ते 50 लिटर पाणी त्यास लागते. व्हिक्टोरिया मेमोरियलसमोर उतरलेल्या पाहुण्याने गाडीवानास आधी एवढेच विचारावे, की घोड्याने पाणी केव्हा प्याले. मग त्याची हरकत नसेल तर एक बादली पाणी आणवावे, आणि गाजराचे दोन उभे काप मुलाच्या सपाट तळहातावर ठेवावेत. घोडा ते ओठांनी उचलून घेईल. हाताला त्याच्या श्वासाची ऊब लागेल, आणि मुलास जे हवे होते ते त्यास मिळालेले असेल.